टीडीके ९० आणि दहीकाला

पहिला दिवस

आत्याचा फोन आला तेव्हा मी डोंबिवलीच्या फलाटावर होतो. "माळ्याचं लाकूड काढतायत. वर तुझा एक खोका आहे कॅसेटींचा. नेतोस, का भंगारवाल्याला देऊ?" भंगार हा शब्द ऐकून पोटात जो गोळा आला, त्यावरून कळलं की पन्नाशी जवळ आली तरी आपण काही सुधारलेलो नाही. ऑफिसात चार दिवसांची रजा टाकली, शनिवार-रविवार जोडून घेतले आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मध्यरात्री दादरला तुतारी एक्सप्रेसमध्ये चढलो.

या गाडीचं नाव केशवसुतांच्या कवितेवरून ठेवलंय. मराठीतल्या पहिल्या बंडखोर कवीचं गाव मालगुंड, म्हणजे आमच्या रत्नागिरीपासून हाकेच्या अंतरावर. त्याच्या कवितेचं नाव लावलेली गाडी पनवेल येईपर्यंत दोनदा नुसतीच उभी राहिली. बाजूचा वरचा बर्थ होता. झोप लागली नाही.

रत्नागिरीत नव्वदीच्या सुरुवातीला रॉक ऐकणं म्हणजे काय होतं, हे आज मुलांना सांगून पटत नाही. दुकानात मिळायच्या हिंदी सिनेमाच्या, भक्तिगीतांच्या आणि जाखडी नाचाच्या कॅसेटी. रॉक यायचं बोटीवरून. आमच्या आळीत एक काका मर्चंट नेव्हीत होते. सहा महिन्यांनी घरी आले की आत्याच्या हातावर परदेशी साबणाची वडी आणि माझ्या हातावर एखादी कॅसेट ठेवायचे. कॅसेट विकतची कधीच नसायची, बोटीवर कोणाकडून तरी कोऱ्या टीडीके ९० वर भरून घेतलेली असायची. त्यामुळे कव्हर नाही, नावं नाहीत. नाव विचारलं की काका डोकं खाजवत सांगायचे, "मूळच्या रेकॉर्डवर केळ्याचं चित्र होतं बघ."

मी त्या कॅसेटवर बॉलपेनने लिहिलं: केळं.

दुसरा दिवस

आत्याने कांदेपोहे पुढ्यात ठेवले आणि शिडी दाखवली. माळ्यावर कौलातून येणारा उजेड, जुनी सुपं, घडवंची आणि त्यामागे बिस्किटांच्या कंपनीचा पुठ्ठ्याचा खोका. वर उंदरांनी नक्षी केलेली. आत एकेचाळीस कॅसेटी, आणि खाली 'रॉक स्ट्रीट जर्नल'चे चार-पाच अंक, पानं एकमेकांना चिकटलेली. हे मासिक १९९३ मध्ये अमित सैगल यांनी अलाहाबादहून सुरू केलं होतं. रॉकबद्दलचं मासिक मुंबईहून किंवा बंगलोरहून निघालं असतं तर मला काही वाटलं नसतं. अलाहाबादहून निघतंय म्हटल्यावर रत्नागिरीतल्या मुलाची छाती फुगायची.

केळं सापडलं. दमट हवेत पस्तीस वर्षं राहिलेल्या टेपचं काय होतं ते जवळून बघण्यासारखं आहे. खिडकीतून बघितलं तर गुंडाळीच्या कडेवर पांढरे ठिपके, साबुदाण्याच्या पापडावर असतात तसे. ती बुरशी. तशीच वाजवली तर बुरशी टेप वाचणाऱ्या हेडला चिकटते आणि टेपही फाटते. दाबपट्टीवरचा नमद्याचा चौकोन, जो टेपला हेडशी टेकवून धरतो, तो गळून तळाशी पडलेला.

विनू दुपारी आला. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये तो ड्रम वाजवायचा, आता आंब्याच्या पेट्या पाठवतो. त्याने घड्याळजीचा स्क्रू ड्रायव्हर आणला, पाच बारीक स्क्रू काढून कॅसेट पुस्तकासारखी उघडली आणि दोन्ही चकत्या आत्याच्या पोह्यांच्या ताटलीत ठेवल्या. मग एक जाखडीची कॅसेट उघडून तिचं कवच आणि दाबपट्टी घेतली. (त्या मंडळींची माफी मागतो. त्यांची टेप मी केळ्याच्या कवचात नीट बसवून ठेवली आहे.) कोरड्या सुती फडक्याच्या चिमटीतून टेप हलक्या हाताने सरकवत, पेन्सिल फिरवत आम्ही नव्वद मिनिटांची टेप तीन तासांत या चकतीवरून त्या चकतीवर नेली. फडकं आधी पांढरट झालं, मग तपकिरी. आत्या दोनदा डोकावून गेली. तिसऱ्यांदा म्हणाली, "एवढ्या वेळात दोघांनी नारळ तरी सोलले असते."

वाजवायची कशावर, हा पुढचा प्रश्न. घरातल्या टू-इन-वनचा रबरी पट्टा वितळून डांबर झालेला. विनू म्हणाला, "माझी मारुती ८०० आहे ना. तिच्यातला डेक अजून चालतो." दक्षिणेला जायचं तिथेच ठरलं. वेंगुर्ल्याकडे विनूची सासुरवाडी, तिथे जत्रा होती, आणि दशावतारी नाटक बघून मला वीस वर्षं झाली होती.

आता केळ्याचं सांगतो. कॅसेटच्या पहिल्या बाजूला द व्हेल्व्हेट अंडरग्राउंडचा १९६७ सालचा पहिला अल्बम आहे. कव्हरवर अँडी वॉरहॉल या चित्रकाराचं केळं, सुरुवातीच्या प्रतींवर त्याची साल खरोखर सोलता यायची. लू रीड गाणारा आणि लिहिणारा, जॉन केल व्हायोला (म्हणजे थोरलं व्हायोलिन) वाजवणारा, स्टर्लिंग मॉरिसन गिटारवर, मो टकर ही मुलगी ड्रमवर, आणि काही गाण्यांपुरती जर्मन गायिका निको. बँडचं नाव रस्त्यात पडलेल्या एका पुस्तकावरून उचललेलं. अल्बम तेव्हा फारसा खपला नाही. पण ज्यांच्या हाती लागला त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी पुढे स्वतःचे बँड काढले, असं म्हणतात. माझ्या हाती लागला आणि मी वीज मंडळाच्या परीक्षेत नापास झालो.

गंमत अशी, की अल्बम जवळजवळ एकोणपन्नास मिनिटांचा आणि टीडीके ९० ची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. शेवटचं गाणं धिंगाण्याच्या मध्यावर खाडकन तुटतं. मला वाटायचं, ते तसंच आहे. अशी माणसं गाणं असंच संपवत असणार, सुरीने कापल्यासारखं. पुढे मुंबईत नोकरीला लागल्यावर काळा घोड्याच्या र्‍हिदम हाउसमधून सीडी घेतली. गाणं माझ्या ओळखीच्या जागेच्या पुढे गेलं आणि आणखी चार मिनिटं चालतच राहिलं. कोणीतरी आपल्या घरात नवी खोली काढून ठेवलीय असं वाटलं. आजही मला तुटलेलंच गाणं खरं वाटतं. र्‍हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं.

तिसरा दिवस

भाट्याचा पूल ओलांडून पावस, पूर्णगड, आडिवरे, जैतापूर अशी किनाऱ्याकिनाऱ्याने खाली. हायवेने लवकर पोचलो असतो, पण विनूच्या गाडीला हायवे झेपत नाही आणि मला घाई नव्हती. डेकमध्ये केळं घातलं. आधी फक्त खरखर, आणि मग, हेडने बुरशीचा शेवटचा घास गिळल्यावर, ती घुंगुरवाळी सेलेस्टा, पियानोसारखं दिसणारं पण घंटांसारखं किणकिणणारं वाद्य, वाजली. विनूने गाडी बाजूला घेतली. आम्ही दोघे काही बोललो नाही.

जॉन केलचा व्हायोला हा माझ्या आवडीचा विषय आहे, तेव्हा थोडं सहन करा. त्याने व्हायोलाची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, घासून सपाट केली आणि गिटारच्या तारा चढवल्या, म्हणजे एका गजात जास्त तारा एकदम छेडता येतील आणि सूर लांबच लांब धरता येईल. ही सवय त्याला ला माँट यंगच्या संगतीत लागली. यंग एक-एक सूर तासन्‌तास धरून बसायचा, आणि १९७० पासून तो किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला. म्हणजे न्यूयॉर्कच्या तळघरातला तो कर्कश सूर आणि आपला तंबोरा हे अगदीच परके नाहीत. विनूला हे दरवेळी सांगतो. तो दरवेळी म्हणतो, "मग तंबोराच ऐक ना."

नाटे गावाच्या पुढे त्याला हावेलची गोष्ट सांगितली. वात्सलाव हावेल, चेकोस्लोव्हाकियाचा नाटककार, पुढे राष्ट्राध्यक्ष झाला तो. १९६८ मध्ये न्यूयॉर्कला गेला आणि येताना व्हेल्व्हेटची रेकॉर्ड प्रागला घेऊन आला. त्याच वर्षी रशियन रणगाडे आले. मग 'प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स' नावाच्या बँडने ही गाणी वाजवायला घेतली. सरकारने परवाना काढून घेतला, तर पोरं खेड्यातल्या खळ्यांत, कोणाच्या लग्नाच्या निमित्ताने वाजवायला लागली. १९७६ मध्ये त्यांना पकडून खटला भरला आणि त्या खटल्याच्या रागातून हावेल आणि मंडळींची 'चार्टर ७७' ही चळवळ उभी राहिली. एवढं सगळं एका रेकॉर्डच्या वाटेवर.

विनू बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे हावेल हा त्यांचा बोटीवरचा काका."

देवगडच्या अलीकडे डेकने टेप खाल्ली. ज्यांनी कॅसेटी वापरल्या त्यांनाच तो आवाज माहीत: गाणारा अचानक पाण्यात बुडतो आणि मग नुसती खटखट. बॉलपेनच्या टोपणाने, एकेक वळसा सोडवत, दीड हात टेप बाहेर काढली. चुरगळली होती, पण तुटली नव्हती. दुसरी बाजू वाजवायची हिंमत मग आमच्यात राहिली नाही.

मालवणात एका घरगुती खाणावळीत सुरमईचं ताट, सोलकढी. खोलीचे पैसे फोनवर ठरल्यापेक्षा तीनशेने जास्त घेतले, त्यावर विनू रात्रभर धुमसत होता. सिंधुदुर्ग किल्ला धक्क्यावरूनच बघितला. मला त्या रात्री किल्ल्यापेक्षा नंदू भेंडे जास्त आठवत होते, कारण विनूने विषय काढला. आत्माराम भेंड्यांचा हा मुलगा, सत्तरीच्या दशकात मुंबईत इंग्रजी रॉक गायचा. अलेक पदमसींनी १९७४ मध्ये बसवलेल्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' या रॉक ऑपेरात ज्यूडास झाला आणि चारच वर्षांनी थिएटर अकॅडमीच्या 'तीन पैशाचा तमाशा'त मराठीतून तोच दम लावला. विनूचं म्हणणं, लू रीडबिड ठीक आहे, पण मराठी जिभेवर रॉक कसं बसतं ते त्या माणसाने दाखवलं आणि आपण त्याची नीट कदर केली नाही. २०१४ मध्ये ते गेले. यावर आमचं कधी भांडण होत नाही.

चौथा दिवस

दिवस झोपण्यात गेला. रात्री नऊला गाडी माडांच्या बागेत लावून चालत देवळाकडे निघालो. गावाचं नाव देत नाही. गाव लहान आहे आणि पुढच्या वर्षीही मला जागा हवी आहे.

देवळाच्या वाटेवर खाजाची दुकानं. गुळाच्या पाकातलं, आलं घातलेलं खाजं कागदात बांधून घेतलं. बायका ओटी भरून परतत होत्या. चहाच्या टपरीवरच्या आजोबांनी विचारलं, "मुंबयसून इलात? नाटकाक?"

"होय."

"मगे पुढे बसा. पाठसून काय दिसाचा नाय."

पालखीची प्रदक्षिणा व्हायला बारा वाजून गेले. तोवर मी देवळाच्या मागच्या पडवीत घुसलो. ही माझी जुनी खोड आहे. मुंबईत रंगभवनात आय-रॉक हा रॉकचा महोत्सव बघायला जायचो तेव्हाही बँड वाजायला लागण्याआधी मागच्या बाजूला घोटाळायचो. धोबीतलावचं ते उघडं नाट्यगृह. १९८० मध्ये तिथे 'द पोलीस' हा इंग्लिश बँड वाजवून गेला होता, १९८६ पासून आय-रॉकमध्ये आपली पोरं वाजवायची. २००३ मध्ये शांतता क्षेत्राच्या नियमात ते बंद झालं. तिथे मागे मला कायम एकच दृश्य दिसायचं: काळे टीशर्ट, सिगरेटी, आणि आपण कोणीतरी आहोत असा चेहरा.

इथे पडवीत पिवळ्या बल्बखाली दहा-बारा माणसं आपापल्या पत्र्याच्या पेटीवर बसली होती. प्रत्येकाच्या डाव्या हातात आरसा, उजव्या हाताने तो स्वतःचं तोंड रंगवतोय. मेकअपवाला नाही, कपडेपटवाला नाही. एक पन्नाशीचा गृहस्थ, दिवसा बागायतीत काम करणारा, ओठ मुडपून भुवया कोरत होता. त्याने लुगडं नेसलं, अंबाडा चढवला, पेटीवरून उठला आणि चालायला लागला तेव्हा चाल बाईची झाली होती. १९७२ मध्ये डेव्हिड बॉवीने लाल केस आणि रंगवलेलं तोंड घेऊन अख्खं इंग्लंड हलवलं असं आपण वाचतो. आमच्याकडे हे काम शेतकरी करतात, आणि सकाळी तोंड धुऊन बागेत जातात.

दशावतारी मंडळाच्या मालकाने सगळ्यांना गोळा करून आजचं आख्यान सांगितलं. संहिता नाही. कोण कोणाला कुठे भेटणार, युद्ध कुठे, शाप कुठे, एवढंच. बाकी संवाद रंगमंचावर उभं राहून ज्याने त्याने करायचे. पाच मिनिटांत बैठक संपली.

आधी गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, मग काळा शंकासुर येऊन मालवणीतून भटजीची टर उडवतो आणि विष्णूच्या हातून मरतो. पोरं शंकासुरासाठीच जागी असतात. मी मात्र वाद्यांच्या बाजूला सरकून बसलो. वाद्यं तीन: पायपेटी, मृदंग, झांज. पायपेटीचा भाता पायाने चालतो म्हणून दोन्ही हात मोकळे राहतात, आणि पेटीवाला एका हाताने षड्ज धरून ठेवतो. नट बोलतोय, रडतोय, तलवार उपसतोय, तो सूर हलत नाही. तासभर तो एक सूर कानात बसला की इतर आवाज त्याच्यात बुडून जातात. मी विनूच्या बरगडीत कोपर मारलं.

"माहितीय," तो म्हणाला. "केल."

विनूचं लक्ष मृदंगावर होतं. मो टकर ड्रम उभ्याने वाजवायची, मोठा ढोल आडवा ठेवून, गोंड्याच्या काठ्यांनी, आणि झांजा जवळजवळ नाहीच. मी कॉलेजात त्याला हे सांगितलं तेव्हा त्याने गॅदरिंगला उभं राहून वाजवायचा प्रयत्न केला होता आणि स्टँड पाडला होता. तिच्या आधी त्या बँडमध्ये अँगस मॅक्लीज नावाचा ड्रमर होता. ११ डिसेंबर १९६५ ला न्यू जर्सीतल्या समिट गावच्या हायस्कुलात बँडला पहिली बिदागी ठरली, ७५ डॉलर. मॅक्लीज वैतागला. पैसे घेऊन वाजवायचं आणि कधी सुरू करायचं, कधी थांबायचं हे दुसऱ्याने ठरवायचं, हे त्याला पटेना. तो निघून गेला, पुढे १९७९ मध्ये काठमांडूत वारला. मला तो माणूस नेहमी जरा हट्टी वाटत आलाय. त्या रात्री तितकासा वाटला नाही.

दोनच्या सुमाराला चहासाठी उठलेल्या पेटीवाल्याला गाठलं. "थांबायचं कधी हे कोण सांगतं तुम्हाला?"

त्याने माझ्याकडे नीट बघून घेतलं. "कोंबडो आरवलो की सोपला." मग पेटीवर हात ठेवून म्हणाला, "ही माज्या बापाशीची. तेका पण कोणी सांगूक नाय."

मी मोबाइल पुढच्या खांबाशी टेकवून रेकॉर्डिंग लावलं होतं. शेजारच्या पोराने वाकून बघितलं. "काका, बॅटरी जातली तुमची. नाटक सकाळपर्यंत चलतला."

नाटक सकाळपर्यंत चाललं. उजाडताना दहीहंडी फुटली, काल्याचा प्रसाद हातावर आला, थंड, आंबटगोड, पोह्यांचा एखादा दाणा दातात. राक्षस झालेला माणूस अर्धा रंग पुसून सायकलवर टांग टाकावी तसा टेम्पोत चढला. पुढच्या रात्री दुसऱ्या गावात जत्रा होती.

पाचवा दिवस

झोप नाही, तरी शिरोडा, रेडी करत तेरेखोलला गेलो आणि फेरीबोटीने गाडीसकट केरीला उतरलो. आता गोवा. थोडं खाली हरमल, त्याच्या खाली हणजूण, जिथे सत्तरच्या दशकात हिप्पी आले, पैसे संपले की सामान वाळूत मांडून विकायला लागले आणि त्याचा बाजार झाला. आता तिथे तिकिटाच्या रांगा आणि मनगटाला बांधायच्या पट्ट्या असतात. मला तिकडे जायचं नव्हतं.

केरीच्या सुरूच्या बनात बसून खाजं संपवलं. अमित सैगल जानेवारी २०१२ मध्ये याच गोव्याच्या समुद्रात पोहताना बुडाले. अलाहाबादहून मासिक काढणारा माणूस, ज्याने १९९७ पासून 'ग्रेट इंडियन रॉक' या महोत्सवाच्या मंचावर आपल्या पोरांना उभं केलं. मी त्यांना कधी भेटलो नाही. सोळाव्या वर्षी मी त्यांच्या मासिकाला एक पत्र लिहिलं होतं, रत्नागिरीत बँड नाही म्हणून तक्रार करणारं. मोडक्या इंग्रजीत. छापून आलं नाही, आणि ते बरंच झालं. चिकटलेल्या अंकांपैकी एक सोबत आणला होता. पानं सोडवायला गेलो तर फाटायला लागली, तेव्हा तसाच पिशवीत परत ठेवला.

संध्याकाळी विनूने मला सावंतवाडी स्टेशनवर सोडलं. खोका माझ्याकडे, केळं त्याच्याकडे. "डेक दुरुस्त करतो, मग दुसरी बाजू ऐकू," म्हणाला.

दुसऱ्या बाजूचं सांगायचं राहिलंच. २३ ऑगस्ट १९७० ला, न्यूयॉर्कच्या मॅक्सेस कॅन्सस सिटी नावाच्या क्लबात लू रीड व्हेल्व्हेट सोडण्याआधी त्यांच्याबरोबर शेवटचा वाजला. त्या रात्री ब्रिजिड पोल्क नावाच्या वॉरहॉलच्या मैत्रिणीने टेबलावर साधा कॅसेट रेकॉर्डर ठेवला होता. तेवढंच रेकॉर्डिंग आणि १९७२ मध्ये तेच अल्बम म्हणून बाजारात आलं. गाण्यांच्या मधून शेजारच्या टेबलावरच्या गप्पा ऐकू येतात, कोणीतरी दारू मागवतं. रत्नागिरीत मला गाण्यातलं इंग्रजी कळायचं नाही, पण तो दारू मागवणारा माणूस कळायचा.

गाडीत सगळे झोपल्यावर मोबाइल चार्जिंगला लावला आणि जत्रेचं रेकॉर्डिंग उघडलं. दोन तास सात मिनिटं. पायपेटीचा सूर, लांबून येणारी झांज, राजा प्रधानाला काहीतरी विचारतोय, प्रधान उत्तर जुळवतोय. माझ्या शेजारचं पोर खोकतं. विनू कुजबुजतो, "माहितीय, केल." मग मागून एक बाई, अगदी माइकजवळ असल्यासारखी:

"रे, दोन चाय आण. आणि एक बिनसाखरेची"

आणि तिथेच बॅटरी गेली.